न आलेल्याचा वाटा

हर्षलाच्या शाळेत हजेरी पुकारत नसत. ही गोष्ट आजूबाजूच्या सगळ्या शाळांना ठाऊक होती आणि निम्म्या मास्तरांच्या ती डोळ्यांत सलत होती. सलणारच! आपण रोज सकाळी नावं पुकारून घसा कोरडा करायचा, आणि डोंगरातली ही बाई म्हणे दाराशी दोन टोपल्या ठेवते आणि गप्प बसते. बरं, नावं ठेवावीत तर तिच्याकडची पोरं शाळा बुडवत नव्हती. मग बोलणार काय, कप्पाळ?

भोकरीचा माळ ही ठाकरांची वाडी. कडावच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथे कुणाच्या तरी पडवीत स्कूटी लावायची आणि पायवाटेने चढायचं. वर थोडी घरं, आणि घरांच्या कडेला दोन खोल्यांची शाळा. पहिली ते चौथी. मुख्याध्यापक मनोज सर, पोशीरचे; माणूस सरळ, पण कागदाला फार भिणारा. आणि दुसरी हर्षला, कडावची, शेतकऱ्याच्या घरातली.

टोपल्यांचं असं होतं. एक टोपली घराची, एक शाळेची. प्रत्येक पोराचा एक गोटा, त्यानेच ओढ्यातून निवडून आणलेला आणि रंगवलेला. सकाळी आलं की घराच्या टोपलीतला आपला गोटा उचलायचा आणि शाळेच्या टोपलीत टाकायचा. झाली हजेरी. घराच्या टोपलीत एखादा गोटा मागे राहिला की चौथीतली दोन पोरं त्या घराकडे धावत सुटायची. रागवायला नाही हं, बघून यायला. तापलंय का, धाकट्याला सांभाळत बसलंय का, आईबापाबरोबर कामावर गेलंय का. एकदा धाऊचा गोटा राहिला, पोरं धावली, तर धाऊ घरात एकटाच तापाने फणफणलेला, काहीबाही बरळत पडलेला. झोळीत घालून त्याला खाली नेला, कर्जतला दवाखान्यात ठेवला, पोरगं वाचलं. तेव्हापासून वाडीत त्या टोपल्यांना कुणाचा पाय चुकून लागला तरी माणूस नमस्कार करायचा.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं, तेही सांगायला हवं. माणूस काही आभाळातून पडत नाही. हर्षलाचा थोरला भाऊ ऋषिकेश. घरी म्हशी होत्या, सकाळी दूध डेअरीवर घालून मग तो शाळेत यायचा, तोवर हजेरी होऊन गेलेली असायची. गुरुजींचा नियम असा, की उशिरा येणाऱ्याने दारात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, ‘मी गैरहजर आहे.’ म्हणजे बघा! पोरगं समोर उभं, अंगाला दुधाचा वास, आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं की मी इथे नाही. वर्ग खदाखदा हसायचा. सगळे वर्ग एकाच खोलीत भरायचे, धाकटी हर्षला पहिल्या ओळीत बसलेली असायची, तीही हसायची. न हसून सांगते कुणाला? ऋषिकेशने पाचवीत शाळा सोडली. आता तो टेंपो चालवतो. चांगलं चाललंय त्याचं, पण कुणी पूर्ण नावाने हाक मारली की अजून दचकतो.

दुसरे पोपट गुरुजी. हर्षलाची पहिली नेमणूक खालापूरकडे, त्यांच्या हाताखाली झाली. त्यांना खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोरांच्यात मांडी घालून बसायचे आणि पोरांपेक्षा जास्त प्रश्न विचारायचे. त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, “पोर शाळेत रिकाम्या हातानं येत नाय, पोरी. घरनं काहीतरी घेऊन येतं. तू आधी ते घे, मग तुझं दे.” डी.एड.ला इतकी पुस्तकं झाली, त्यातलं एक धड आठवत नव्हतं, पण हे वाक्य तिने गाठीला बांधलं.

त्यामुळे भोकरीच्या माळावर आल्यावर तिने आधी वाडीच घेतली. सरकारी साहित्याची पेटी होती, नाही असं नाही, पण ती मनोज सरांनी कपाटात कुलूप लावून ठेवलेली. “पोरांनी हरवलं तर वर काय तोंड दाखवू?” म्हणायचे. ठेवा म्हणाली तुमच्याकडेच! तिने ओढ्यातले गोटे घेतले, सागाची पानं घेतली, बिया घेतल्या. टोपल्या विणून दिल्या कमळ्याने, तिसरीतल्या प्रियाच्या बापाने. मग वाटे शिकवायला पण तिने त्यालाच वर्गात बोलावलं.

वाटे म्हणजे काय, तर भागाकार. पाऊस ओसरायला लागला की वाडीतली माणसं मिळून ओढ्याला बांध घालतात, मासे धरतात, आणि मग सागाची पानं मांडून वाटे पाडतात. घराला एक पान. कमळ्याने वर्गात पानं मांडली, माशांच्या जागी गोटे घेतले, पोरं भोवती उकिडवी बसली. “आणि जो आलाच नाही, त्याचं काय?” हर्षलाने विचारलं. कमळ्या उत्तर द्यायच्या आत पारू बोलली. पारू म्हणजे कमळ्याच्या भावाची मुलगी, प्रियाच्याच वर्गातली, बारीक चणीची. आधी ती वर्गात तोंड उघडत नसे. बाईने विचारलं की नखं खायची. त्या दिवशी म्हणाली, “त्याचा पयला पडतो, बाई.”

“पहिला? का गं?”

“तो नाय ना हितं. मग त्याच्या बाजूनं बोलाया कोण हाय?”

हर्षलाने टाळ्या वाजवल्या. पोरीला उचलून घेतलं. पुढच्या शिक्षण परिषदेत तिने उभं राहून हा पाठ केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या मास्तरांना सांगितला, पारूच्या उत्तरासकट. तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत ती सलत होती त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, याचा व्हिडिओ करून पाठवा. हर्षलाला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता. खोटं कशाला बोला?

पुढचं सांगताना जीभ जड होते. पण सांगितलं पाहिजे.

भाद्रपद सरत आला होता. भात पोटरीला आलेलं, बांधाबांधावर काकडीचे वेल. त्या दिवशी मनोज सर कर्जतला मीटिंगला गेलेले, चारही वर्ग हर्षलाच्या गळ्यात. त्यात पहिलीची चाचणी मोबाईलवर भरून पाठवायची होती, आणि तिथे नेटवर्क म्हणजे देवाचा प्रसाद, मिळेल तेव्हा ओंजळ धरायची. तिने सकाळी घराच्या टोपलीत डोकावून पाहिलं. टोपली रिकामी. सगळे गोटे शाळेत. बरं वाटलं तिला. परिपाठ झाला, तिसरी-चौथीची पोरं आपापले गट करून ओढ्याकाठी पानं गोळा करायला गेली, आणि ती मोबाईल उंच धरून पहिलीत बसली. दुपारी खिचडी वाढताना पारू एका ताटावर दुसरं ताट उपडं घालत होती, ते तिने पाहिलं. कुणाचं गं, असं विचारणार होती. तेवढ्यात मोबाईलवर नेटवर्कची दांडी दिसली आणि ती पुन्हा पळाली.

शाळा सुटताना आवडी आली. प्रियाची आई. ती खाली एका फार्महाऊसवर झाडलोटीला जाते, तिथून येताना रोज पोरीला घेऊन जायची.

“प्रिया कुठं हाय, बाई?”

हर्षलाने इकडेतिकडे पाहिलं. मागे वळून पाहिलं. पारू भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काकड्या आणाया गेलीय,” ती पुटपुटली. “सकाळी. बाईलाबी आणते म्हनली. तू हो पुढं, म्हनली.”

सकाळी! हर्षला तशीच धावत सुटली.

कमळ्याच्या शेतावर, वेलाच्या कडेला, राखणीच्या माळ्याच्या खांबाला टेकून प्रिया बसलेली सापडली. बसलेली, हे ऐका. पडलेली नाही. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा-निळा झालेला, तोंडाच्या कडेला रक्त, आणि काकड्या शेजारी नीट ओळीने मांडून ठेवलेल्या. घोणस होती. शेत शाळेपासून हाकेच्या अंतरावर नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. पळत सुटली असती तर पोचली असती. पण ती पळाली नव्हती. कारण पावसाळा लागताना हर्षलाने स्वतः वर्गात शिकवलं होतं, आणि पोरांकडून नाटक करून घेतलं होतं: साप चावला तर पळायचं नाही, विष चढतं. हलायचं नाही, जागच्या जागी बसायचं, कुणीतरी येईपर्यंत वाट बघायची. त्या नाटकात साप चावलेली मुलगी प्रियाच झाली होती. आता तिने तसंच केलं. वाटेकडे तोंड करून बसली. आपला गोटा घराच्या टोपलीत आहे, आता पोरं येतीलच धावत, असं तिला वाटलं असणार. नाहीतर आणखी काय वाटणार?

श्वास होता तेव्हा. झोळीतून खाली आणली. ऋषिकेशने टेंपो आणून उभा ठेवला होता, त्याने तो असा हाणला की आवडीचं डोकं दोनदा पत्र्यावर आपटलं. कर्जतच्या अलीकडेच पोरगी गेली. डॉक्टर म्हणाले, चावून फार वेळ झाला होता, सकाळी आणली असती तर प्रयत्न करता आला असता. आवडी ते ऐकून रडली नाही, तिने फक्त हर्षलाकडे पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी धाऊने सांगितलं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. “बाई, प्रियाचा गोटा पारूनं टाकला. तिचाबी वाटा, म्हनली. येतेच हाय ती, म्हनली.”

पोरीने काय चुकीचं केलं होतं? जो आला नाही त्याचा वाटा पहिला. वाडीने तिला हेच शिकवलं होतं, आणि त्यावर टाळ्या कुणी वाजवल्या होत्या? बाईने. उचलून कुणी घेतलं होतं? बाईने. पारूने तो वाटा माशांच्या पानावरून उचलून टोपलीत टाकला, एवढंच. भागाकार तिला बरोबर कळला होता. पोपट गुरुजी म्हणायचे पोराचं आधी घे, तर हर्षलाने घेतलं होतं. पण आपलं आणि पोराचं एकात एक मिसळलं की त्यातून काय होईल, हे बघायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. पगार त्याचाच तर होता.

पारू त्यानंतर शाळेत आली नाही. हर्षला तिच्या घरी गेली नाही, आणि खरं सांगायचं तर तिची छातीच झाली नाही. दोन्ही भावांची घरं एका कुडाची. मधल्या कुडाच्या या अंगाला पारू, त्या अंगाला आवडी. जाणार कुणाकडे आणि बोलणार काय?

चौकशी लागली. लागणारच होती. हजेरीपटावर प्रिया ‘हजर’, आणि पोरगी शेतात मेलेली. खालच्या गावात लोक वाट्टेल ते बोलत होते, बाई खोट्या हजेऱ्या लावते, बाई मोबाईल बघत बसते. केंद्रप्रमुख साहेब शाळेत येऊन पालकांच्या समोर जबाब घेणार होते. त्या सकाळी चढण चढताना मनोज सर तिच्याबरोबर चालत होते. दमले, थांबले, आणि म्हणाले, “बाई, तुम्ही सरळ पारूचं सांगा. लहान पोर आहे, तिला कोण काय करणार? टोपल्या बंद करतो म्हणायचं, मोकळं व्हायचं. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“तिला कोण काय करणार?” हर्षला उसळली. “सर, आपण बदली झाली की निघून जाऊ. तिला इथेच राहायचंय. त्याच कुडाच्या पलीकडे. उद्या तिचं लग्न ठरेल तेव्हाही लोक सांगतील, हीच ती, हिने चुलत बहिणीला मारली. जन्मभर! साहेब एकदा जबाब लिहून घेईल आणि जाईल जेवायला.”

मनोज सर पुन्हा चढायला लागले. त्यांना पटलं होतं की नाही, देव जाणे.

खोलीत वाडी दाटीवाटीने बसली होती. बायका एका बाजूला, पुरुष दाराशी. साहेब खुर्चीवर, आणि त्यांच्यासमोर हर्षला उभी. आवडी पुढेच बसलेली होती आणि तिच्याजवळ पारू. पारूला तिथे पाहून हर्षलाला नवल वाटलं, मग भीती वाटली. पोरीला पुढ्यात बसवून घेतलीय, म्हणजे हिला संशय आला असेल का? आज सगळ्यांदेखत तिची चामडी लोळवणार का? हर्षलाने मनाशी पक्कं केलं, लवकर बोलून टाकायचं, पोरीवर वेळच येऊ द्यायची नाही.

“हजेरी कुणी लावली?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

“मुलगी वर्गात होती का?”

“नव्हती. तिचा गोटा घराच्या टोपलीतच पडून होता. मी टोपली न बघताच हजेरी लावली. चूक माझी आहे.”

खोलीत कुजबुज उठली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अरं देवा, आणि आमी हिच्या भरवशावर पोरं सोडतो!” हर्षलाने ते गिळलं. साहेब लिहायला लागले. आणि तेवढ्यात पारू उभी राहिली.

“नाय,” ती म्हणाली. “मी टाकला.”

आवाज बारीक होता, पण ऐकू आला सगळ्यांना. साहेबांनी मान वर केली. “काय म्हणतेस, बाळ?”

“प्रियाचा गोटा. मी टाकला व्हता. तिचा वाटा म्हनून. बाईनं टोपली बघितली व्हती. रिकामीच व्हती टोपली, म्या बघितलं बाईला बघताना.”

हर्षलाला फक्त आवडीचा हात दिसत होता, पारूच्या पाठीशी. हा हात आता काय करील? तिला दुसरं काही सुचलं नाही. सुचायला वेळच कुठे होता?

“खाली बस!” ती ओरडली.

इतक्या वर्षांत त्या भिंतींनी असा आवाज ऐकला नव्हता. पहिलीतलं एक पोर दारातून आत डोकावत होतं, ते भ्यायलं आणि रडायला लागलं.

“पण बाई, म्याच—”

“खोटं बोलतेय ती!” हर्षला साहेबांकडे वळली. “मला वाचवायला बोलतेय. माझ्यावर जीव आहे तिचा, म्हणून काहीतरी रचून सांगतेय. पोरांना कळत नाही काय बोलावं. पारू, तुला लाज नाही वाटत, मेलेल्या पोरीच्या नावानं खोटं बोलायला? बस खाली!”

पारूने तिच्याकडे पाहिलं. रडली नाही. मग ती बसली. मागून कुणी बाईमाणूस म्हणालं, “बघा गं बाई, एवढीशी कार्टी आणि केवढं खोटं.” दुसरी म्हणाली, “मयताचंबी भ्या नाय.” धाऊ काहीतरी बोलायला उठत होता, त्याच्या बापाने त्याला खांद्याला धरून दाबून बसवला. मनोज सर आपल्या चपलांकडे बघत होते.

साहेबांनी जबाब वाचून दाखवला. हर्षलाने सही केली. अहवाल वर जाईल, तोवर तुम्ही शाळेत येऊ नका, असं साहेबांनी हळू आवाजात सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. मग ते मनोज सरांबरोबर उतरणीला लागले आणि वाडी पांगली. हर्षला व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिली. आत कुठेतरी गार वाटत होतं. निदान एक पोर तरी वाचवली, असं तिला वाटत होतं. नोकरी गेली तर गेली.

आवडी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती हर्षलाशी एक शब्द बोलली नव्हती.

“बाई, तुमी असं का केलंत?”

“माझीच चूक होती, आवडी. मी त्या दिवशी—”

“तुमची चूक मला ठाऊक हाय. मी त्येचं इचारत नाय. पारूला खोटी का पाडलीत?”

आवडी बोलत गेली, एका लयीत, जशी माणसं फार दिवस मनात घोळवलेलं बोलतात तशी.

“पोर त्याच राती आलती माझ्याकडं. प्रिया घरात निजवलेली. माझ्या मांडीत डोकं घातलं नि सगळं सांगितलं. गोटा, ताट, सगळं. मी ढकलून दिली तिला. हो, दिली. तोंडाला येईल ते बोलले, मर म्हनले. मग प्रियाच्या बापानं उचलून घेतली. मला म्हनाला, आपल्या पोरीचा वाटा ठेवला तिनं, दुसरं काय केलं? मी दोन दिस तिचं तोंड बघितलं नाय. मग बघितलं. काय करू? माझ्याच हातनं जेवू घातली.”

“तुला माहीत होतं?” हर्षलाने विचारलं.

“आमच्यात असं हाय बाई, चार माणसांत सांगितलं की ते फिटतं. मग त्येच्यावर कुनी बोलत नाय. बोलला तर त्यालाच दंड. म्हनून आज मी तिला आनली. मीच. साहेबापुढं, वाडीपुढं सांग म्हनलं, तुजंबी फिटंल नि बाईवरचा आळबी जाईल. ती येत नव्हती. भ्यालती. बाई मला रागावल म्हनत व्हती. मी काय सांगितलं तिला, ठाऊक हाय? मी म्हनलं, आपली बाई खरं बोलनाऱ्या पोराला कदी रागावत नाय.”

हर्षलाने खांब घट्ट धरला.

“तुमाला काय वाटलं?” आवडी म्हणाली. आता तिचा आवाज चढला. “आमी तिला खाऊ? माझी एक गेली म्हनून मी दुसरीला मारीन? इतकी वरसं येता तुमी हितं, आमच्या पोरांचं ऐकता, आमचे गोटे घेता, पानं घेता. मानसं कदी बघितलीत का आमची?”

“मी आत्ता साहेबांना फोन करते. खाली पोचलेही नसतील. सांगते त्यांना, खोटं मी बोलले.”

“साहेबाचं काय घेऊन बसलात!” आवडीने पदराने तोंड पुसलं. “वाडीनं ऐकलं ना. मयताच्या नावानं खोटं बोलनारी, असं तुमी म्हनलात तिला. तुमी! दुसरं कुनी म्हनलं असतं तर मी तोंड फोडलं असतं त्याचं. आता मी घरोघर जाऊन सांगितलं तरी लोक म्हनतील, बाई कशाला खोटं बोलंल? आवडीचं डोकं फिरलंय पोरीपायी, म्हनतील.”

ती निघून गेली. हर्षलाने तरीही फोन लावला. लागला नाही, पुन्हा लावला. करायला गेले काय आणि करून बसले काय, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. ऋषिकेशला दारात उभं करणारे गुरुजी निदान दुष्ट म्हणून तरी ओळखले जायचे. तिच्यावर तर पोरांनी विश्वास टाकला होता. तिला ढसाढसा रडू आलं, आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही त्याच क्षणी कळलं, म्हणून तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला.

डोळे पुसून ती सतरंजी गुंडाळायला आत गेली, तर खोलीत पारू होती.

सगळी माणसं उठून गेली होती आणि ती तिथेच, तिला बसवलं होतं त्या जागी बसलेली होती. गुडघे जवळ घेतलेले, नजर जमिनीवर. आईबापांनी हाका मारल्या असतील, ती उठली नसणार.

हर्षला तिच्यासमोर जमिनीवर बसली. “पारू,” ती म्हणाली, “तू खरं बोललीस. खोटं मी बोलले. ऐकतेस ना? मी खोटं बोलले सगळ्यांसमोर. चल, आपण दोघी घरोघर जाऊ, सगळ्यांना सांगू. मी सांगते. ऊठ, बाळ.”

पारू लगेच उठली. ताठ उभी राहिली. हात मागे बांधले आणि भिंतीकडे बघत, अगदी हळू, तिने विचारलं, “काय बोलू, बाई?”